गणपतीआधीचा रंग आणि भिंतीतली ओल

श्रावण लागला की बेळगावजवळच्या आमच्या कंग्राळीत घरोघरी एकच विषय निघतो : चतुर्थीआधी रंग काढून घ्यायचा. शेतात भाताची भांगलण चाललेली, बाहेर पावसाची रिपरिप, आणि घरात पलंग-कपाटं मधोमध ओढून पेंटर शिडीवर चढलेला. देव बसतो त्या खोलीची भिंत नवी कोरी दिसावी, ही इच्छा रास्तच आहे. पण दसरा उलटायच्या आत त्याच भिंतीवर फोड दिसू लागतात. नखानं टोकरलं की पापडासारखा पोपडा हातात येतो. मग पेंटर रंगाला बोल लावतो, दुकानदार पेंटरला आणि घरमालक दोघांनाही.

आमच्या देवघराची भिंत आम्ही दोन वर्षांत तीनदा रंगवली. तिसऱ्या खेपेला सगळ्यांत महागातला, धुता येणारा रंग आणला आणि तोच सर्वांत आधी सुटला. असं का झालं ते कळायला मला वेळ लागला. महागाचा रंग जास्त घट्ट असतो, त्यातून वाफ सहज बाहेर पडत नाही. भिंतीतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, वाट मिळाली नाही की रंगालाच पुढे ढकलतं. चुन्याच्या सफेदीतून तेच पाणी गुपचूप उडून जात होतं, म्हणून आजोबांच्या काळी भिंत डागाळायची पण सोलायची नाही.

चतुर्थीचा मोसम आणि भिंतीचा मोसम

गणेश चतुर्थी २०२४ साली ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणजे रंगाचं काम जुलैअखेर ते ऑगस्ट या दिवसांत येतं. बेळगाव शहर आणि भोवतालच्या गावांत वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांत. हवा इतकी दमट असते की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. टॉवेल वाळत नाही त्या हवेत नऊ इंची भिंत कशी वाळेल?

डब्यावर दोन हातांमध्ये चार तासांचं अंतर ठेवा असं लिहिलेलं असतं. ते कोरड्या हवेचं माप आहे. आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये पहिला हात बोटाला लागत नाही म्हणून वाळला असं वाटतं, पण आत तो ओलाच असतो. त्यावर दुसरा हात बसला की दोन्ही थरांत ओल कोंडते. शिवाय काम लवकर उरकायचं म्हणून पुट्टीच्या दोन हातांमध्ये रात्रही जाऊ देत नाहीत. या घाईचा दोष मी पेंटरला देत नाही. पंधरा दिवसांत सगळ्या गावाची घरं त्यालाच रंगवायची असतात.

पोपडा उलटा करून बघा

सुटलेला पोपडा केरात टाकू नका. तळहातावर घेऊन त्याची मागची बाजू बघा. निम्मं निदान तिथंच होतं.

मागं पिठासारखी पांढरी भुकटी असेल तर रंग भिंतीला चिकटलाच नव्हता, जुन्या चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या सुट्या थराला चिकटला होता. अशा भिंतीवर हात फिरवला की तळवा पांढरा होतो. ती भुकटी खरवडून न काढता वर प्रायमर मारला, तर कितीही चांगला रंग पिठावरच उभा राहतो.

पोपड्यासोबत पुट्टीचा जाड थर आला असेल तर दोन शक्यता. एक तर भिंतीचा खड्डा प्लास्टरनं भरण्याऐवजी पुट्टीनंच भरला. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी पातळ थरात, दोन्ही हात मिळून दीड-दोन मिलिमीटरपर्यंत लावायची असते. जाड लेप वाळताना तडकतो. नाहीतर स्वस्त पडतं म्हणून ओलसर भिंतीवर पीओपी वापरलं. पीओपी म्हणजे जिप्सम, पाणी लागलं की ते मऊ पडतं. छतासाठी ते उत्तम, पण जोत्याजवळच्या किंवा न्हाणीलगतच्या भिंतीला त्याचा उपयोग नाही.

मागची बाजू गुळगुळीत, खाली जुना ऑइलपेंट चकाकतोय, असं दिसलं तर तो थर पॉलिशपेपरनं खरखरीत केलाच नव्हता. आणि पोपड्याला वाळूचे कण, प्लास्टरचा चुरा चिकटून आला, तर मात्र गोष्ट गंभीर आहे. तिथं पाणी आणि क्षार आतून काम करताहेत. रंग बदलून तिथं काही साधणार नाही.

ओलीचा आकार काय सांगतो

माझ्या मते या साऱ्या विषयातला कळीचा भाग हाच. ओल कुठे आहे, तिची कड कशी आहे आणि ती कधी वाढते, या तीन गोष्टींवरून पाणी कुठून येतं ते बहुतेक वेळा सांगता येतं.

जमिनीलगत सलग पट्टा, गुडघ्यापासून कमरेपर्यंत, वरची कड लाटेसारखी : ही जमिनीतून चढलेली ओल. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं विटांच्या बारीक छिद्रांतून पाणी वर चढतं आणि बहुतेक वेळा तीन-चार फुटांवर थांबतं. कंग्राळी खुर्द असो की बुद्रुक, मार्कंडेय नदीचा काठ आणि भाताची शिवारं जवळ आहेत. पावसाळ्यात जमीन तुडुंब होते. जोत्यावर पाणी अडवणारा थर, ज्याला गवंडी डीपीसी म्हणतात, तो घातलेला नसेल तर भिंत ते पाणी पीतच राहते. आणखी एक कारण नव्यानं उद्भवलंय. रस्त्यावर थरावर थर पडून तो उंच झाला, अंगणात भर पडली, आणि कधीकाळी दोन फूट उंच असलेलं जोतं आता जमिनीशी बरोबर झालं. डीपीसी असली तरी बाहेरची माती तिच्याही वर गेली, मग ती काय अडवणार?

वरून खाली येणारे ओघळ, किंवा छत आणि भिंतीच्या सांध्यात पिवळट-तपकिरी कडेचा डाग : हे गच्चीचं पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात १२०० मिलिमीटर पाऊस पडला तर हिशेबानं एक लाख दहा हजार लिटर पाणी होतं. ते सगळं एक-दोन पन्हळींतून खाली उतरतं. पन्हळीचं तोंड भिंतीपासून चार बोटांवर संपत असेल तर यातलं कितीतरी पाणी वर्षानुवर्षं त्याच भिंतीवर आपटतं. पाइप जमिनीपर्यंत नेऊन गटारात सोडणं हे रंगाच्या डब्याहून स्वस्त काम आहे, आणि तरीही ते मागं राहतं.

भिंतीच्या मधोमध वेडावाकडा डाग, पावसाच्या झडीनंतर दोन दिवसांनी वाढणारा : बाहेरच्या बाजूला चीर आहे. आपल्याकडे पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून घराची पश्चिमेची भिंत आधी खराब होते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची फट आधी तपासा.

पाऊस असो नसो, वर्षभर तसाच राहणारा, उन्हाळ्यातही न वाळणारा डाग : हे नळाचं पाणी. पलीकडे न्हाणी किंवा मोरी आहे का बघा. रात्री टाकी भरून पाण्याच्या पातळीला खूण करा, सगळे नळ बंद ठेवा, सकाळी खूण बघा. पातळी उतरली असेल तर पाइप गळतोय. पातळी तशीच असेल तर न्हाणीच्या फरशीचे सांधे संशयित. फरशीचं भोक चिंध्यांनी घट्ट बुजवून दोन इंच पाणी दिवसभर साठवून ठेवलं की पलीकडची भिंत उत्तर देते.

दोन घरांमधली फट

हा प्रश्न पुस्तकांत कमी आणि आपल्या गल्ल्यांत फार. जागा तोकडी, म्हणून घर थेट हद्दीपर्यंत बांधलं. शेजाऱ्यानंही तसंच बांधलं. मधे राहिली चार-सहा इंचांची फट. त्या फटीत गवंड्याचा हातही जात नाही, मग बाहेरचं प्लास्टर कोण करणार? उघड्या विटा, त्यावर दोन्ही गच्च्यांचं पाणी, तळाशी पालापाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्या, ऊन कधीच नाही. आतल्या बाजूला कितीही वॉटरप्रूफ रसायन लावा, पाणी बाहेरून विटेत मुरतच राहतं आणि रसायनाचा थरच फोडासारखा फुगतो.

यावरचा उपाय वरून करायचा. दोन्ही घरांच्या कठड्यांवर बसेल अशी पत्र्याची पट्टी, एका बाजूला उतार देऊन, सांध्यांत सीलंट भरून बसवायची. फटीत पाणीच पडलं नाही की भिंत हळूहळू वाळते. याला शेजाऱ्याची संमती लागते, आणि खरं सांगायचं तर पत्र्यापेक्षा तीच मिळवणं अवघड. पण त्याच्या भिंतीलाही तीच ओल असते. त्याला आपल्या खोलीतला डाग दाखवा, त्याच्या खोलीतला आपण बघा. दोघांनी मिळून पत्रा घातला की दोन घरं वाचतात.

बाहेरून न येणारं पाणी

स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यांत, कपाटामागं काळे ठिपके येतात. ही बुरशी, आणि तिला लागणारं पाणी आपणच तयार करतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सुमारे बावीस लिटर पाणी हवेत जातं, भाताच्या नि आमटीच्या वाफेचा हिशेब वेगळाच. पावसात खिडक्या बंद, त्यामुळे ही वाफ थंड भिंतीवर घाम होऊन बसते. इथं रंग किंवा प्लास्टर दोषी नाही. धूर ओढणारा पंखा लावा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका.

जांभा, मातीच्या भिंती आणि वर सिमेंट

कंग्राळीत आणि आसपासच्या गावांत जुनी घरं अजून आहेत : मातीच्या किंवा जांभ्याच्या चिऱ्यांच्या रुंद भिंती, वर कौलं, बाहेर लांब वळचण. जांभ्याला जगभर लॅटेराइट म्हणतात. १८०७ साली फ्रान्सिस बुकानननं मलबारमधला हा दगड पाहून ते नाव दिलं, लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून. खाणीत मऊ, कापता येणारा आणि हवेत ठेवला की टणक होणारा हा दगड मुळात छिद्राळ आहे. तो पाणी पितो आणि सोडतोही. मातीचा गिलावा आणि चुना त्याच्या या स्वभावाला धरून होते.

मग घर नवं दिसावं म्हणून आपण त्याच भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर केलं, वर पुट्टी, वर प्लास्टिक इमल्शन. भिंतीचं पाणी पिणं चालू राहिलं, सोडणं बंद झालं. काही जणांनी ओल दिसू नये म्हणून खाली चार फूट टाइल्स लावल्या. ओल टाइल्सच्या मागून चढली आणि पाचव्या फुटावर दिसू लागली. अशा घरात मी तरी चुन्याच्या गिलाव्याकडे आणि चुन्याच्या सफेदीकडेच परत जाईन. ती दर दोन-तीन वर्षांनी काढावी लागते हे कबूल, पण त्या भिंतीला श्वास घेता येतो. चुना मिळत नसेल तर निदान घट्ट चकचकीत रंग टाळा आणि वळचण तोडून स्लॅबचा आखूड छज्जा करू नका. पावसाला भिंतीपासून लांब ठेवायचं काम वळचणच करत होती.

नव्या घराची घाई

वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते आणि प्लास्टर दहा दिवसांपूर्वीचं. सिमेंटच्या प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारायचं असतं, आणि त्यानंतर वाळायला किमान चार आठवडे द्यायचे. पावसाळ्यात चारचे आठ-दहा होतात. विटांत, स्लॅबमध्ये बांधतानाच मुरलेलं पाणी वेगळं. ताजं सिमेंट अतिशय अल्कधर्मी असतं, पीएच १२ ते १३. ओलसर असताना त्यावर ऑइलपेंट मारला तर रंगातल्या तेलाचा अक्षरशः साबण होतो आणि रंग चिकट, मऊ होऊन निघतो. पहिल्या वर्षी नव्या घराला नुसता प्रायमर आणि एक साधा हात द्यावा, पक्का रंग पुढच्या हिवाळ्यात, असं जुने पेंटर सांगतात. ते ऐकावं.

भिजलेली भिंत वाळायला किती वेळ लागतो याचा बांधकामातला एक ठोकताळा आहे : इंचाला महिना. नऊ इंची भिंत पूर्ण भिजली तर नऊ महिने. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव जिल्ह्यात पूर आला तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या घरांना दिवाळीला रंग काढण्यात काहीच अर्थ नव्हता. आत पाणी तसंच होतं.

लोणा

भिंतीवर कापसासारखे, मिठासारखे पांढरे तंतू फुटतात, त्याला आपण लोणा लागला म्हणतो. विटेत, वाळूत, जमिनीच्या पाण्यात क्षार असतात. पाण्याबरोबर ते भिंतीच्या तोंडापर्यंत येतात, पाणी उडून जातं आणि क्षारांचे खडे राहतात. ते रंगाच्या मागं तयार झाले की रंग उचलतात, प्लास्टरच्या आत तयार झाले की प्लास्टर भुसभुशीत करतात.

यातली मोठी चूक म्हणजे लोणा पाण्यानं धुणं. धुतला की तो विरघळून पुन्हा आत जातो आणि पुढच्या आठवड्यात परत येतो. कोरड्या ताठ ब्रशनं झाडा, खाली कागद पसरून पडलेला चुरा घराबाहेर टाका, पुन्हा दिसला की पुन्हा झाडा. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीत नायट्रेटचे क्षार जमतात आणि ते हवेतलं बाष्पही शोषतात. म्हणून कुठूनही गळती नसताना अशी भिंत पावसाळ्यात घामेजते. तिथलं प्लास्टर ओलीच्या कडेच्या फूटभर वरपर्यंत काढून टाकण्यावाचून इलाज नाही.

रंगाआधीची परीक्षा

दीड फूट लांब-रुंद स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद बसवा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला थेंब जमले किंवा त्याखालची भिंत काळवंडली तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर खोलीची हवाच दमट आहे. ही परीक्षा एकाच जागी करू नका. खाली, मध्ये, वर आणि न्हाणीच्या बाजूला अशा चार ठिकाणी करा.

जुना रंग धरून आहे का हे बघायला ब्लेडनं त्यावर फुलीसारखे काप द्या, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यानं ओढा. रंग पट्टीबरोबर आला तर तो सगळा खरवडायचा. थोडा आला म्हणून थोडाच काढायचा, हा मोह टाळा.

कामाचा क्रम

आधी पाण्याची वाट बंद. पन्हळ, गच्चीचे सांधे, बाहेरची चीर, नळ, अंगणाची भर, जे असेल ते. बाहेरची माती जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खाली आणा आणि अंगणाला भिंतीपासून दूर उतार द्या. डीपीसी नसलेल्या घरात भिंतीला भोकं पाडून रसायन भरण्याची पद्धत आहे. विटेच्या भिंतीत ती चालते, मातीत जोडलेल्या दगडी भिंतीत तिचा भरवसा धरू नये. मग खरवडणं. मग वाट पाहणं, आणि हाच टप्पा सगळे गाळतात. भुसभुशीत प्लास्टर काढून उघडी ठेवलेली भिंत दोन महिने पाहवत नाही, पण तिला तेवढा वेळ हवाच असतो. भिंत वाळल्यावर प्लास्टरची दुरुस्ती, तीही पुरती वाळली की पुट्टी, पॉलिशपेपर, धूळ पुसून प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. रंगात पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला.

खरवडताना एक सांभाळायचं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० पेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचा थर कोरडा घासू नका. पाणी शिंपडून खरवडा, तोंडाला फडकं बांधा, लहान मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका. बुरशी पुसायला ब्लीचिंगचं पाणी चालतं, मात्र त्यात संडास धुण्याचं अॅसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि ओल स्विचबोर्डापर्यंत पोचली असेल तर पेंटरच्या आधी वायरमनला बोलवा.

चतुर्थी तोंडावर आली असेल तर

पाहुणे येणार, आरतीला गल्ली जमणार, भिंत तशीच ठेवायला जीव धजत नाही. मग सुटलेले पोपडे काढा, भिंत कोरड्या फडक्यानं पुसा आणि त्या पट्ट्यापुरता पातळ चुन्याचा हात द्या, किंवा मखरामागं स्वच्छ कापड सोडा. पक्क्या रंगाचे पैसे राखून ठेवा.

त्याआधी मात्र एक पेन्सिल घ्या. ओलीची कड जिथं आहे तिथं बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. झड लागून गेली की पुन्हा बघा, कड सरकली असेल तर दुसरी रेघ, दुसरी तारीख. आमच्या देवघराच्या भिंतीवर अशा चार रेघा होत्या, जुलैपासून सप्टेंबरपर्यंतच्या, आणि चारही वरून खाली उतरत गेलेल्या. आम्ही तीन वेळा जमिनीतली ओल समजून जोत्याशी खटपट केली होती. जानेवारीत, ऊन कडक असताना, शिडी लावून गच्चीवर चढलो तर कठड्याच्या पायाशी बोट जाईल एवढी फट निघाली. ती भरली, पाणी ओतून पाहिलं, मार्चपर्यंत भिंत उघडी ठेवली आणि मग रंग काढला.